मायचं गाव, सीडीशिवाय

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मायनं सगळ्यात आधी त्याचं माप घेतलं. शिवणयंत्राच्या खणातून टेप काढली, मॉनिटरची रुंदी, उंची आणि पाठीमागचा फुगीर भाग मोजला, माझ्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मॉनिटर, सीपीयूचा डबा आणि कीबोर्ड अशी तिघांचीही कव्हरं तयार झाली. मॉनिटरचं जांभळं होतं, पिवळ्या किनारीचं. ते वालूरमधल्या कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाऊजचं उरलेलं कापड होतं. आण्णा म्हणाले, मशीन गरम होतं, त्याला असं गुंडाळून ठेवणं बरं नव्हं. मायचं म्हणणं असं की झोपताना घालायचं आणि जागं झालं की काढायचं, माणसाचंही तसंच असतं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवायचे. माय, सुमन तिचं नाव, सातवी शिकलेली, गोदावरीकाठच्या गंगाखेडकडची. लग्न होऊन वालूरला आली तेव्हा सोबत शिवणयंत्र घेऊन आली होती, आणि निम्म्या गावाचे ब्लाऊज ती शिवायची. माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा औरंगाबादला पॉलिटेक्निकला होता. मी सेलूच्या कॉलेजात अकरावीला, रोज एसटीनं जाऊन येऊन. घर गावाच्या पूर्वेच्या टोकाला, विहाराच्या मागच्या गल्लीत. पुढची खोली स्लॅबची, मागची पत्र्याची. पुढच्या खोलीत एका भिंतीला शिवणयंत्र आणि त्याच्या काटकोनात कॉम्प्युटर, इतकं जवळ की माय स्टुलावरून नुसती वळली की या यंत्राची त्या यंत्रावर जायची. आजही डोळे मिटले की मला ते घर दिसायच्या आधी ऐकू येतं. शिवणयंत्राची खडखड, बाहेर हापशाचं कण्हणं, आणि लाइट आली की गल्लीच्या तोंडाशी रज्जाकभाईंची पिठाची गिरणी सुरू व्हायची तिची धडधड. गिरणी सुरू झाली की आमच्या घरातला बल्ब एकदा मान खाली घालायचा आणि मग हळूहळू वर यायचा.

हापशाचं सांगितलं ते एवढ्यासाठी की गावाला नळ होते, पण पाइप पश्चिमेकडून यायचा. चौकातल्या मोठ्या घरांचं, बाजारपेठेचं, शाळेचं भरून झालं की पाणी आमच्या टोकाला निघायचं आणि तिथं पोचेपर्यंत त्याचा दम संपायचा. नळ नुसता फुसफुसायचा. माय त्या फुसफुसण्याखाली घागर लावून ठेवायची आणि दुसरी घागर घेऊन हापशावर जायची. याबद्दल ती कधी तक्रार करायची नाही. मला वाटायचं, तिला त्याचं काही वाटत नसावं.

दिवाळीच्या सुट्टीत दादा आला तो एक खोका घेऊन. शहर बसवायचा खेळ होता. सीडी खोक्यात, सोबत इंग्रजी पुस्तिका, वर पारदर्शक कागद. दादाच्या हॉस्टेलवर असले खेळ मार्करनं नाव लिहिलेल्या साध्या सीड्यांवर फिरत असायचे, पण आण्णांचा नियम होता की घरात असलं उसनं-चोरीचं काही यायचं नाही. शाळेतला खडूचा तुकडा चुकून खिशात आला तरी दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस. त्यामुळे दादानं औरंगाबादच्या दुकानातून अस्सल खोका आणला होता, आणि त्या दुकानात तेवढा एकच होता असं तो दहा वेळा सांगत होता. खेळ कॉम्प्युटरमध्ये चढवला तरी सीडी आत लागायचीच. ती नसली की पडद्यावर एक चौकोन यायचा आणि मूळ सीडी टाका म्हणायचा. दादा म्हणाला, हा त्यांचा पहारेकरी हाय, ओळख पटल्याबिगर आत सोडत न्हाई.

दादा दोन दिवस खेळला, मी आठवडाभर खेळले, आणि मग दादा परत गेला आणि मला कंटाळा आला. माझं शहर कायम जळायचं. मी अग्निशमन केंद्र बांधायला विसरायचे. एकदा तीन घरं पेटलेली असताना मी उठून पाणी प्यायला गेले, आणि परत आले तर माय माझ्या खुर्चीत बसलेली. हातात माउस असा धरलेला, जणू तो पळून जाईल. ती म्हणाली, “हितं पाणीच न्हाई तर इझवणार कशानं? आधी पाइप टाकायचा असतो.” मी तिला पाइपाचं चित्र कुठं असतं ते दाखवलं. त्या दिवशी चुलीवरचं वरण करपलं. आमच्या घरात ते पहिल्यांदा करपलं होतं.

त्यानंतर रोज दुपारी, लाइट असली की, तासभर कॉम्प्युटर मायचा. तिनं माझं जळकं शहर पुसलं आणि मोकळ्या हिरव्या जमिनीवर नवं मांडलं. नाव विचारलं तेव्हा तिनं एका बोटानं, इंग्रजी अक्षरं माझ्याकडून विचारून घेत, वालूर असं लिहिलं. मी म्हटलं, दुसरं काहीतरी ठेव की, मुंबई ठेव, दिल्ली ठेव. ती म्हणाली, दुसऱ्या गावातलं मला काय म्हाईत. मग तिनं पाण्याची टाकी बांधली, आणि ती बरोबर मधोमध बांधली. तिथून चारी दिशांना सारख्या लांबीचे पाइप काढले. पाइप टाकून झाल्यावरच रस्ते, रस्त्यानंतर घरं. दादा फोनवर सांगायचा, आधी बाजार काढायचा असतो, कारखाना काढायचा असतो, त्याशिवाय गाव वाढत नाही. माय ऐकून घ्यायची आणि पुढचा पाइप टाकायची. तिच्या गावाला टोक असं नव्हतंच. पूर्वेकडच्या शेवटच्या घरालाही टाकी तेवढीच जवळ, जेवढी पश्चिमेकडच्या. हे तिनं मुद्दाम केलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि लक्षात आलं तेव्हा विचारायची गरज उरली नव्हती.

तिच्या खेळातल्या गावची माणसं इंग्रजीत निरोप पाठवायची. पडद्याच्या खाली एक ओळ सरकायची आणि माय शिवणयंत्रावरूनच मला विचारायची, काय म्हनायलेत लोकं? मी वाचून सांगायचे. शाळा पाहिजे म्हणतात. बाग पाहिजे म्हणतात. कचरा उचला म्हणतात. हळूहळू तिला ते शब्द ओळखू यायला लागले. ‘स्कूल’ आणि ‘वॉटर’ हे तर ती लांबूनच ओळखायची. आण्णा शाळेतून आले की तिथंच सदरा काढता काढता भूगोलाच्या मास्तरांसारखं, म्हणजे ते होतेच, उताराबद्दल बोलायचे, नदी कुठून वाहते ते बघ म्हणायचे. सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा तिखट उपमा, करायची तर मुरमुरे भिजत घालून माय विसरायची आणि त्यांचा लगदा व्हायचा. आम्ही तो लगदाही खायचो, वर शेंगदाण्याची चटणी घालून, आणि तिच्या गावाची लोकसंख्या किती झाली ते एकमेकांना सांगायचो. फाल्गुनापर्यंत ती साडेतीन हजारावर गेली होती.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर लाइट होती आणि तरीही मॉनिटरवर जांभळं कव्हर होतं. माय यंत्रावर मान खाली घालून काज शिवत होती. मी विचारलं तर म्हणाली, आज लय काम हाय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे काही कामच नव्हतं, तरी ती रिकाम्या कापडावर टाके घालत बसलेली. आण्णा आल्यावर तिनं यंत्र थांबवलं, उठली, कपाटातून सीडीची डबी काढून त्यांच्या हातात दिली आणि पदरानं हात पुसत उभी राहिली. दोन दिवसांपूर्वी डबीतून सीडी काढताना मधली पकड घट्ट होती, तिनं कड धरून वाकवून ओढली, आणि टक्कन आवाज झाला होता. मधल्या भोकापासून एक बारीक रेघ निघाली होती, नखाएवढी.

“लेकरानं आणलेली वस्तू,” ती म्हणाली. “म्या मोडली. आता ते गाव आतच राहिलं.”

आण्णा रागावले नाहीत. त्यांनी सीडी उजेडाला धरली, फिरवून पाहिली, आणि मलाच विचारलं की ही रेघ वाढते का. ते मला माहीत नव्हतं. चावडीसमोरच्या फोनवरून दादाला विचारलं तेव्हा तो घाबरलाच. म्हणाला, ती मशिनीत घालू नका, आत लय जोरात फिरती, फुटली तर तुकडे उडतील आणि ड्राइव्हही जाईल. दुकानात त्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. तो खेळ आता येत नव्हता. म्हणजे गाव कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यातली साडेतीन हजार माणसं, मधोमधची टाकी, चारी बाजूंचे पाइप, सगळं तिथंच होतं. फक्त दार उघडायची किल्ली चिरली होती.

सेलूला आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथं शिकवायला तस्लीम मॅडम होत्या, मूळ जिंतूरच्या, तिशीतल्या, कायम ओढणी दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेल्या आणि बोलताना टेबलावर बोटानं ठोकणाऱ्या. मी त्या क्लासला नव्हते. तरी एसटी यायला वेळ होता म्हणून आत गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, खेळासाठी एवढं म्हटल्यावर त्या हसतील. त्यांनी फक्त विचारलं, “तुझी आई खेळती?” मी हो म्हटलं. त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पुढचा अर्धा तास मला जे समजावलं, ते मी नंतरच्या आयुष्यात कितीतरी पोरांना समजावलं आहे, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. सीडीवर जे काही आहे ते सगळं, जसंच्या तसं, कॉम्प्युटरमध्ये एकाच मोठ्या फाइलीत उतरवून घेता येतं. मग एक छोटं सॉफ्टवेअर असतं, ते कॉम्प्युटरमध्ये एक ड्राइव्ह उभा करतं, जो मुळात नसतोच. त्या नसलेल्या ड्राइव्हमध्ये ती फाइल ठेवली की खेळाला वाटतं, सीडी लावलेली आहे. सगळेच खेळ याला फसत नाहीत, काहींची ओळख पटवायची तऱ्हा अवघड असते, पण तुमचा साधा असावा, असं त्या म्हणाल्या.

“पण उतरवून घ्यायला सीडी एकदा तरी फिरावीच लागंल,” त्यांनी टेबलावर बोट ठोकलं. “सगळ्यात कमी स्पीडवर लाव. पाऊण तास लागंल. मधे बंद पडली तर दुसरा चान्स न्हाई, असं समज.” दोन फ्लॉप्यांवर त्यांनी मला ती सॉफ्टवेअरं भरून दिली. फुकट वाटायचीच होती ती, पण ती कुठं मिळतात हे मला कोण सांगणार होतं. येताना एसटीत मी त्या फ्लॉप्या दप्तरात ठेवल्या नाहीत; हातात धरून बसले, खिडकीपासून लांब.

घरी मी उड्या मारत सांगितलं आणि आण्णांनी एकच प्रश्न विचारला. ही चोरी तर न्हाई ना? मी म्हटलं, सीडी आपलीच आहे. ते म्हणाले, सीडी आपली हाय, पण तिची नक्कल करायचा हक आपला हाय का, ते वेगळं. मायचा चेहरा पडला. आण्णांनी खोक्यातली ती इंग्रजी पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरांत कंपनीच्या अटी होत्या. दोन दिवस, शाळेतून आल्यावर, चष्मा आणि शब्दकोश घेऊन ते त्या अटी वाचत बसले. आम्ही दोघी त्यांच्या आजूबाजूनं पाय न वाजवता फिरायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लाल पेन मागितलं आणि एका ओळीखाली रेघ मारली. ज्याच्याकडे मूळ सीडी आहे त्याला स्वतःसाठी, जपणुकीकरता, एक प्रत करून ठेवता येईल, असं तिथं लिहिलं होतं. “एक,” आण्णा मला म्हणाले. “दुसरी कुनाला द्यायची न्हाई. ज्याला खेळायचं त्यानं हितं यायचं.” आज माझं पोटच कॉम्प्युटर शिकवण्यावर चालतं, आणि असल्या अटी पूर्ण वाचणारा माणूस मी आण्णांनंतर दुसरा पाहिलेला नाही.

आता प्रश्न लाइटचा होता. त्या आठवड्यात भारनियमनाचं वेळापत्रक असं होतं की दुपारी बारा ते चार लाइट. कॉम्प्युटरला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी म्हातारी. लाइट गेल्यावर सात-आठ मिनिटं कसाबसा तग धरायचा. आणि गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, ड्राइव्हचा आवाज बदलायचा. पाऊण तास गिरणी बंद राहिली तरच भरवसा होता. आण्णा म्हणाले, मी रज्जाकभाईंशी बोलतो. माय म्हणाली, मोडलं म्या, बोलती म्याच. रविवारी सकाळची विहारातली वंदना झाल्यावर ती तशीच, पांढऱ्या साडीत, गिरणीवर गेली. मी मागं मागं. रज्जाकभाई जात्याला टाकी लावत होते, म्हणजे दगडाला छिन्नीनं खाचा पाडत होते, भुवयांवर पीठ. मायनं काही आडपडदा न ठेवता सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये एक गाव वसवलंय, ते अडकलंय, सोडवायला तासभर वीज शांत पाहिजे. रज्जाकभाईंनी छिन्नी खाली ठेवली.

“कितीचं हाय गाव?” त्यांनी विचारलं.

“साडेतीन हजाराचं.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग थांबावंच लागतंय वहिनी. येवढे लोक हायत म्हनल्यावर.”

ते थट्टा करत होते की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या तोंडावर तर काहीच दिसलं नाही. पण बारा वाजता लाइट आली आणि गिरणी सुरू झाली नाही. दळणाचे डबे घेऊन आलेल्या आठ-दहा बायकांना त्यांनी सांगून टाकलं की सुमनवहिनीच्या घरी काम चाललंय, तासभर थांबा. बायकांनी डबे तिथंच रांगेत ठेवले आणि काम काय आहे ते बघायला आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

मी आतला पंखा बंद केला, बल्ब बंद केला. सीडी दोन बोटांवर उचलून ड्राइव्हच्या तबकात ठेवली. ती रेघ आता नखाएवढी नव्हती, बोटाच्या पेराएवढी झाली होती. नुसती डबीत राहूनसुद्धा वाढली होती. स्पीड सगळ्यात कमी केला आणि बटण दाबलं. आत एक घुमटल्यासारखा आवाज सुरू झाला आणि पडद्यावर निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली. आण्णा दाराशी, माय शिवणयंत्राच्या स्टुलावर, मी खुर्चीत. ओट्यावरच्या बायका दारातून वाकून बघत होत्या. दहा टक्के. वीस. तिसाच्या पुढं आवाजात एक टक-टक आली, दर फेरीला एक. माय म्हणाली, सुई वाकडी असली की असंच वाजतं, पण शिवण होते. आणि पट्टी खरोखर सरकत राहिली. पन्नास. साठ. सत्तर.

ब्याऐंशी टक्क्यांवर लाइट गेली. वेळापत्रकात नसताना, अशीच. यूपीएस ओरडायला लागला. सात-आठ मिनिटांत काही हे होणार नव्हतं. माझं डोकं चालेना. मग तस्लीम मॅडम काय करतील असा विचार मनात आला, आणि त्यासरशी हात पुढं जाऊन मी मॉनिटर बंद केला. त्या जुन्या मोठ्या मॉनिटरला सीपीयूच्या डब्यापेक्षा जास्त वीज लागायची. तो बंद केला की बॅटरीची सगळी ताकद ड्राइव्हला. पडदा काळा झाला. आता किती झालं, चाललंय की अडलंय, काहीच दिसत नव्हतं. नुसता तो घुमणारा आवाज, टक-टक, आणि यूपीएसची शिट्टी. आम्ही काळ्या पडद्यासमोर बसून ऐकत होतो. ओट्यावरून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, जगलं का? आण्णांनी हातानंच थांबा म्हणून सांगितलं. शिट्टी जलद झाली. आणखी जलद झाली. तेवढ्यात आतला आवाज उतरत उतरत थांबला.

मला रडू आलं. मी म्हटलं, मोडली.

“न्हाई,” माय म्हणाली. तिनं कान वळवला होता, दोरा संपत आला की यंत्रावर वळवायची तसा. “मोडली असती तर मधेच तुटली असती. ही संपून थांबली. लाव ते.”

मी मॉनिटर लावला. तो उजळायला घेतो तेवढा वेळही मला लांब वाटला. पडद्यावर पट्टी शेवटपर्यंत निळी होती आणि खाली झाल्याचा निरोप होता. मी तो वाचून संपवेपर्यंत यूपीएसनं मान टाकली आणि सगळं विझलं.

फाइल झाली होती, पण ती चालते का हे बघायला लाइट हवी होती, आणि लाइट नसल्यामुळे गिरणीही बंद होती. म्हणून सगळ्याच जणी आमच्याकडे थांबल्या. मायनं पातेलंभर मुरमुरे भिजवले आणि त्या दिवशी लगदा होऊ दिला नाही. मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता, वर डाळव्याचं कूट. वास गल्लीभर गेला आणि रज्जाकभाईही वाटी घेऊन ओट्याच्या कडेला बसले. बायका मायला विचारत होत्या की गाव म्हणजे नेमकं काय, आणि माय बशीतल्या मुरमुऱ्यांनी त्यांना रस्ते मांडून दाखवत होती. मोठ्या मळ्याच्या यमुनाकाकूही त्यांच्यात होत्या. एरवी त्यांचं दळण गडी आणायचा. तो दोन दिवस गावाला गेला म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. चौकात त्यांचं मोठं घर, अंगणात स्वतःची विहीर. त्यांचे ब्लाऊज माय पंधरा वर्षं शिवत होती, पण त्या कायम अंगणात उभ्या राहून माप द्यायच्या, आणि चहा विचारला की आत्ताच झाला म्हणायच्या. त्या दिवशी त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातही वाटी होती.

तीनच्या सुमाराला लाइट आली. मी तस्लीम मॅडमनी शिकवल्याप्रमाणे तो नसलेला ड्राइव्ह उभा केला, त्यात फाइल ठेवली आणि खेळावर क्लिक केलं. खरी सीडी मी काढून टेबलावर ठेवली होती. रेघ कडेला पोचली होती, आणि हातात घेतल्यावर तिचे दोन तुकडे झाले. पडदा क्षणभर काळा राहिला. तो चौकोन आला नाही. संगीत वाजलं, आणि मग हिरवी जमीन, मधोमध टाकी, रस्ते, लाल छपरं, छपरांवरून सरकणारे ढग. खालची ओळ सरकली आणि मायनं ती कुणाला न विचारता वाचली. “बाग मागायलेत,” ती म्हणाली आणि हसली. आण्णा चष्मा पुसत राहिले.

रज्जाकभाईंनी गिरणी सुरू केली. बल्बनं मान खाली घातली आणि वर घेतली. बायका एकेक आत यायला लागल्या. आधी दाराशी, मग खोलीत, मग शिवणयंत्राला टेकून. हापशाजवळच्या शांताबाईनं विचारलं, यात माझं घर कोणतं? माय म्हणाली, दाखवा, कुठं पाहिजे? शांताबाईनं टाकीच्या अगदी लागून बोट ठेवलं. मायनं तिथं घर ठेवलं आणि पाइप जोडला. मग ती थांबेचना. कुणाला शाळेजवळ पाहिजे, कुणाला नदीकाठी, एकीला तर मुद्दाम सासूच्या घरापासून लांब. रज्जाकभाईंच्या बीबीला गिरणीपासून दूर, कान किटले म्हणाली. प्रत्येकीचं घर उभं राहिलं की तिथं छोटा दिवा लागायचा आणि ती ज्यांनी अजून मागितलं नाही त्यांच्याकडे वळून बघायची.

यमुनाकाकू मागं उभ्या होत्या. त्यांचं दळण झाल्याचं रज्जाकभाईंनी दोनदा ओरडून सांगितलं होतं. शेवटी मायनंच विचारलं, “काकू, तुमचं कुठं? चौकातच ठेवू का?”

काकूंनी पदर नीट केला आणि पडद्याकडे बघितलं.

“चौकात नुसते बाप्ये बसलेले असतात,” त्या म्हणाल्या. “तिथं कुनाशी बोलावं? तुझं कोणतं?”

मायनं पूर्वेकडचं एक घर दाखवलं.

“त्याच्या बाजूला दे.”

मायनं माउस हळूच सरकवला. तिच्या घराला लागून एक मोकळा तुकडा होता. तिनं तिथं घर ठेवलं, टाकीपासून पाइप ओढला, आणि दिवा लागला. मग काकू शिवणयंत्राच्या स्टुलावर बसल्या, पहिल्यांदाच, आणि मायनं माझ्याकडे वळून चहा ठेवायला सांगितलं.